शून्य कुटुंबांचं गाव

खानदेशात मी गेले ती एका आकड्यामुळे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या आमच्या सरकारी कार्यालयात त्या वर्षी एकच विषय होता : रेशनचं धान्य यापुढे कोणाला द्यायचं? तोवर कार्ड असलेल्या प्रत्येकाला थोडंफार मिळायचं. आता बाजार खुला झाला होता, धान्याचे भाव चढले होते आणि सरकारला एवढा भार झेपत नाही असं वरून सांगण्यात येत होतं. गरीब कोण ते ठरवा, त्यांना स्वस्त द्या, बाकीच्यांना जवळपास बाजारभावानं द्या, असं धोरण आलं. गरीब कोण हे ठरवण्यासाठी एक छापील तक्ता लागणार होता. तो तयार करणाऱ्या तिघांमध्ये मी होते.

तक्ता एका पानाचा होता आणि त्याचा मला अभिमान होता. जमीन, घर, जनावरं, सायकल, प्रत्येकाला गुण. बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली की कुटुंब यादीतून बाद. घराचा रकाना सर्वस्वी माझा. भिंती मातीच्या असतील तर कमी गुण, विटांच्या असतील तर जास्त, आणि सागवानी खांब-तुळया असतील तर सर्वांत जास्त. मी रत्नागिरीकडची. आमच्या गावात साग फक्त खोताच्या घराला होता. आमचं घर ऐनाच्या वाशांवर उभं होतं आणि सागाचा एक देव्हारा करायला आजोबांना आंबे विकावे लागले होते. त्यामुळे साग म्हणजे सुबत्ता, यात मला शंका नव्हती.

प्रयोग म्हणून धुळे-जळगाव भागातल्या काही गावांत शाळेच्या गुरुजींकडून हा तक्ता भरून घेतला. कागद परत आले तेव्हा साक्री तालुक्यातल्या उंबरपाड्यापुढे लिहिलं होतं : पात्र कुटुंबं शून्य. आमचे साहेब खूश झाले. डोंगरातल्या एका पाड्यात एकही गरीब नाही, हे त्यांनी वरच्या बैठकीत सांगूनही टाकलं. मग मला म्हणाले, "तू जाऊन बघून ये. काय केलंय त्यांनी ते लिहून आण."

मी खरोखरच उत्सुकतेनं निघाले. गरीब नसलेलं गाव मी कधी पाहिलं नव्हतं.

जळगाव, शनिवार

स्टेशनवर मला घ्यायला नाना आले होते. पाहणीचे कागद तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. मी वयानं लहान, तरी पहिल्या मिनिटापासून त्यांनी मला ताई म्हटलं.

पौष महिन्याची थंडी होती. कोकणात अशी थंडी पडत नाही. स्टेशनाबाहेर लोक शेकोटीभोवती उभे होते आणि हातगाडीवर हिरव्या वांग्यांचे ढीग होते. एकेक वांगं वीतभर. आमच्याकडच्या वांग्यांशेजारी ठेवलं तर वेगळीच भाजी वाटेल.

"उद्या भडगावला चला," नाना म्हणाले. "माझ्या चुलतभावाचं शेत आहे. भरीत खाल्ल्याशिवाय पुढे नेणार नाही तुम्हाला."

त्या दिवशी मी बाजारात हिंडले. सोन्याच्या पेढ्यांवर गर्दी, नव्या रंगीत टीव्हींच्या दुकानापुढे गर्दी. एका गल्लीत रेशनच्या दुकानावर कुलूप होतं आणि पायरीवर एक म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. दुकान कधी उघडणार, असं मी विचारलं. "माल आला की," एवढंच तो म्हणाला. मी वहीत काहीही लिहिलं नाही. ते माझ्या कामात येत नव्हतं.

भडगाव, रविवार

नानांच्या चुलतभावाला गावात आबा म्हणतात. गिरणेच्या काठी त्यांची केळी आणि कापूस. शेतातच कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला होता आणि त्यात वांगी भाजत होती. सालं काढून गर लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचला, वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. मी दोनदा मागून घेतलं. आमच्याकडे पाहुण्याला पहिल्यांदा नको म्हणायची रीत आहे. इथे नको म्हटलं तर वाढणारा रागावतो, हे मला लवकर कळलं.

जेवणानंतर आबांनी घर दाखवलं. खानदेशात धाब्याची घरं असतात. मातीच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचंच सपाट छप्पर. उन्हाळ्यात आत गार, थंडीत उबदार. अंगणात ट्रॅक्टर, पलीकडे विहिरीवर मोटार. बोलता बोलता आबांनी कोनाड्यातून नवं पिवळं कार्ड काढलं. गरिबांच्या यादीतलं.

मला वाटलं, कोणा गड्याचं असेल. नाव आबांचंच होतं.

"गुरुजी आले व्हते," आबा सहज म्हणाले. "घर कशाचं, विचारलं. मातीचं, म्हटलं. खोटं काय सांगायचं? शेत आन् ट्रॅक्टर पोराच्या नावावर, पोरगा वेगळा. मी मागितलं नाही बुवा कार्ड. गहू येतो तो सालदाराला देऊन टाकतो."

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तक्त्यात जे विचारलं त्याचंच त्यांनी उत्तर दिलं होतं. धुळ्याकडे जाताना जीपमध्ये पारोळा मागे पडला. तेव्हा नाना म्हणाले, "ताई, तुमच्या कागदानं आमच्या आबाला गरीब केलं. आता उद्या श्रीमंत लोक बघू."

मला ते बोलणं लागलं. तरी मनात मी म्हटलं, एखादं घर चुकतं. सगळीकडे थोडंच चुकेल?

उंबरपाडा, सोमवार

साक्री सोडलं की सपाट जमीन हळूहळू संपते. पिंपळनेरच्या पुढे डोंगर जवळ आले आणि रस्ता मुरुमाचा झाला. शेवटचा नाला जीपला ओलांडता येईना, म्हणून आम्ही उतरून चालू लागलो. नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय सरकला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात बसले. चपलेचा अंगठा तुटला. नानांनी हात दिला आणि हसू आवरत म्हणाले, "पुण्याचं पाणी गरम असतं म्हणतात."

ओल्या साडीनं, एका पायात चप्पल घालून मी गरीब नसलेल्या गावात शिरले.

पहिलंच घर सोनीबाईंचं. साठीच्या, काटक, कपाळावर गोंदण. नानांच्या सांगण्यावरून मीही त्यांना अक्का म्हणू लागले. त्यांनी मला चुलीजवळ बसवलं, सुनेचं कोरडं लुगडं नेसायला दिलं. पाड्यावरचे लोक आपसात त्यांची डोंगरातली बोली बोलतात आणि बाहेरच्यांशी अहिराणी. मला अर्धं समजे, अर्धं नाना सांगत : शे म्हणजे आहे, बठ्ठा म्हणजे सगळे.

लुगडं बदलून मी वर पाहिलं. घर कुडाचं, शेणानं सारवलेलं. छप्पर गवताचं आणि थोड्या कौलांचं. आणि ते सगळं सहा भक्कम, धुरानं काळ्या झालेल्या खांबांवर पेललेलं. मी उठून एका खांबावर नख ओढून पाहिलं. साग होता.

शेजारच्या घरात गेले. तिथेही साग. त्याच्या पुढच्या घरातही. एका घराला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता, पण पडदा टांगला होता तो आडवा वासा सागाचा होता. घराबाहेर पाहिलं तर डोंगराच्या अर्ध्या उतारापर्यंत सागच उभा होता, थंडीनं पानं गाळायला लागलेला. पाड्यात त्रेचाळीस घरं. सगळ्यांकडे खडकाळ उतारावर थोडी थोडी जमीन, पाऊस पडला तर नागली पिकवणारी. जमिनीचे गुण आणि सागाचे गुण मिळून त्रेचाळीसही घरं रेषेच्या वर गेली होती.

परत येऊन मी सोनीबाईंच्या चुलीपाशी बसले. त्यांनी नागलीची भाकरी आणि उडदाची पातळ आमटी वाढली. आमच्याकडे तीच नाचणी म्हणतात, पण भाकरी एवढी पातळ कोणाला जमत नाही. घराच्या कोपऱ्यात धान्याची कणगी होती. मी विचारलं तर त्यांनी झाकण काढून दाखवलं. तळाला दोन-तीन पायल्या नागली. पुढचं पीक यायला दहा महिने होते.

"रेशन?" मी विचारलं.

"दुकानवाला सांगस, तुम्हनं नाव नही शे," सोनीबाई म्हणाल्या. "तीन महिना व्हयनात. दुष्काळमा बांधवर काम करं तवय तठेबी धान्य मिळे. आते नही. आम्हनं नाव कसं काय गयं, बाई?"

त्यांना सरकार ठाऊक होतं ते एवढंच : दुष्काळात रोजगार हमीच्या बांधावरचं काम आणि महिन्याचं रेशन. कार्यालयात आम्ही ज्याला भार म्हणत होतो तो हाच.

नाना चुलीत लाकूड सारत होते. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मला वाटलं असतं तर मी 'चौकशी करते' म्हणून उठले असते, आणि कोणाला काही कळलं नसतं.

मी म्हटलं, "अक्का, घराला साग असेल तर माणूस गरीब नाही, असं कागदावर लिहिलं होतं."

त्यांनी खांबाकडे पाहिलं. "साग तं आठे बठ्ठासना घरले शे. जठे जे झाड उगस, तठे तेच लाकूड लावतस ना?" मग म्हणाल्या, "हाई कोनी लिखं?"

"मी लिहिलं."

दारात चार-पाच बाया उभ्या होत्या. कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. सोनीबाईंनी विचारलं, "तुम्हना गावले साग नही शे का?"

"नाही. विकत घ्यावा लागतो. महाग असतो."

"मंग तुम्हले काय मालूम ऱ्हाई," त्या म्हणाल्या. आणि भाकरी उलटून म्हणाल्या, "मंग आते काय करानं?"

एवढ्यात शाळेचे गुरुजी आले. पाड्याचे तक्ते त्यांनीच भरले होते. चाळिशीचे, हडकुळे, बोलायला संकोचणारे. मी विचारलं, "तुम्हाला हे चूक वाटलं नाही?"

"वाटलं होतं, मॅडम. शेरा लिहिणार होतो. पण खाली सूचना छापली होती, रकान्याबाहेर काही लिहू नये."

तीही सूचना माझीच.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. तीन महिने दुकानात चालत होती ती यादी अजून कच्ची होती आणि तिच्यावर हरकती घ्यायची मुदत उद्या दुपारी संपत होती. त्यानंतर यादी कायम. पाड्यावर हे सांगायला कोणी आलं नव्हतं, आणि गुरुजींनाही आदल्याच दिवशी बाजारात कळलं होतं. अर्ज घरटी एक हवा होता.

मग आम्ही शाळेच्या पडवीत बसलो. मी, नाना आणि गुरुजी, तिघं लिहायला. गुरुजींच्या वह्यांतली मधली पानं काढली. पाड्यातले लोक एकेक करून येत, नाव सांगत, जमीन सांगत, घरात खाणारी तोंडं सांगत आणि अंगठा लावून बाजूला बसत. शाईचं पॅड नव्हतं. सोनीबाईंच्या सुनेनं तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवून आणली आणि त्यानं अंगठे उठले. दिवेलागणीपर्यंत तीस झाले, उरलेले सकाळी कोवळ्या उन्हात. दोन घरांनी अर्ज केला नाही. एक किराणा दुकानवाल्याचं. तो म्हणाला, माझं चालतंय. दुसरं वनखात्यात नोकरीला असलेल्या माणसाचं. ते दोघं स्वतःहून बाजूला झाले, कोणी सांगावं लागलं नाही. मला आबांचं कार्ड आठवलं, पण आबांना त्यांच्या गावात असं समोरासमोर बसवून कोणी विचारलंच नव्हतं.

साक्री, मंगळवार

एक्केचाळीस अर्ज कापडी पिशवीत घालून आम्ही निघालो. सोनीबाई म्हणाल्या, "मी येस." त्यांच्याबरोबर आणखी सहा जण आले. नाल्यापलीकडे जीपमध्ये सगळे कसेबसे मावलो. माझ्या पायात गुरुजींच्या बायकोनं दिलेल्या टायरच्या वहाणा होत्या.

तहसीलदार शांत, नीटनेटके गृहस्थ होते. सगळे अर्ज त्यांनी चाळले. मग म्हणाले, "मॅडम, माहिती चूक भरली असेल तर मी दुरुस्त करू शकतो. इथे माहिती बरोबर आहे. साग आहे, तो आहेच. तक्ता वरून आलाय, तुमच्याच कार्यालयातून. त्याचे गुण मी कसे बदलू?"

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

"मला पुण्याला फोन लावून द्या," मी म्हटलं.

लाइन लागायला वेळ लागला. बाहेर ओसरीवर सोनीबाई आणि बाकीचे भिंतीला टेकून बसले होते. नाना खिडकीशी उभे. मला साहेबांचा स्वभाव माहीत होता. ज्या शून्याचं त्यांनी वर कौतुक केलं होतं, ते शून्य चुकीचं आहे हे त्यांना सांगायचं होतं. वीस वर्षांच्या नोकरीत मी त्यांना कधी वाईट बातमी दिली नव्हती.

आवाज आला तशी मी एका दमात बोलले. "साहेब, उंबरपाड्याला दोन घरं सोडून सगळे गरीब आहेत. चूक तक्त्याची आहे. घराचा रकाना माझा होता, चूक माझी आहे."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"तू घरात जाऊन पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"राहिले तिथे."

"खांब सागाचेच आहेत?"

"सागाचेच आहेत. आणि कणग्या रिकाम्या आहेत."

मग ते म्हणाले, "मी वर काय सांगितलंय, तुला माहिती आहे ना?"

"हो साहेब."

"ते मी बघतो. तहसीलदारांना फोन दे."

तहसीलदार उठून उभे राहिले आणि ऐकत राहिले. मधे मधे "हो सर" म्हणत त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या. फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं की जंगल भागातल्या गावांसाठी सागाचा रकाना सोडून बेरीज करायची, लेखी आदेश संध्याकाळपर्यंत धुळ्याला फॅक्सनं येईल, अर्ज आजच्या तारखेनं दाखल होतील. मग कारकुनाला हाक मारून शिक्का मागवला. एकेका अर्जावर शिक्का पडत होता आणि मी शाळेतल्या मुलीसारखी मनात मोजत होते. एक्केचाळिसावा पडला तेव्हा मी न विचारता समोरच्या खुर्चीत बसले. तहसीलदारांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

बाहेर आले. सोनीबाईंनी विचारलं, "व्हई गयं का?"

"झालं, अक्का."

"बठ्ठासनं?"

"सगळ्यांचं."

त्यांनी मान हलवली आणि सोबतच्या लोकांना त्यांच्या बोलीत काही सांगितलं. कोणी पाया पडलं नाही, कोणी आभार मानले नाहीत. मला त्याचं बरं वाटलं. ते त्यांचंच होतं, आम्ही ते हिसकावलं होतं आणि परत दिलं होतं. आलेच आहोत तर मीठ आणि सुकट घेऊन जाऊ, म्हणून ते बाजाराकडे गेले.

नाना मला बसस्टँडजवळच्या खानावळीत घेऊन गेले. शेवभाजी मागवली. लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही. नानांनी नुसता कांदा पुढे केला आणि वाढप्याला आणखी एक भाकरी आणायला सांगितलं.

त्यानंतर धुळ्यापर्यंत मी जीपमध्ये गाढ झोपले.

पुण्याला आल्यावर साहेब मला रागावले, पण दार बंद करून. वरच्या बैठकीत त्यांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. तक्ता मात्र बदलला. शेऱ्यासाठी खाली चार ओळींची जागा सोडली आणि छापण्याआधी तो निरनिराळ्या भागांतल्या गावांत नेऊन वाचून दाखवायचा, असं ठरलं. रेषा राहिलीच. कोणीतरी तिच्या बाहेर जाणारच होतं, आणि त्याबद्दल माझं मन आजही पूर्ण स्वस्थ नाही. धाब्याच्या घरांचा प्रश्न पुढच्या वर्षावर गेला.

दोन महिन्यांनी नानांचं पत्र आलं. आबांशी बोलणं झालं होतं, आबा रागावले होते, आणि होळीला दोघांनी एकमेकांकडे जायचं टाळलं होतं. कार्ड अजून त्यांच्या कोनाड्यातच होतं. मग लिहिलं होतं की उंबरपाड्याचं धान्य आलं तेव्हा ते मुद्दाम रजा काढून गेले. खालच्या गावातल्या दुकानात सगळे रांगेनं आले होते. सोनीबाईंचा नंबर पहिला लागला. त्यांनी गहू-तांदूळ मोजून घेतले, पोत्याचं तोंड बांधलं आणि ते पोतं तराजूसमोरच ठेवून त्यावर बसल्या. दुकानदार म्हणाला, अक्का, तुमचं झालं, आता घरी जा. त्या म्हणाल्या, बसू द्या, पाय दुखतात. दुपार झाली, ऊन उतरलं. एक्केचाळिसाव्या घराची पिशवी भरून तराजूवरून उतरली, तेव्हा त्या उठल्या, पोतं डोक्यावर घेतलं आणि डोंगराच्या वाटेला लागल्या.